"आमच्याकडं तसलं काही नाही" : घरातली मारहाण मोजायची कशी आणि बाईच्या हाती द्यायचं काय?

माळरान

नमस्कार मंडळी. बचतगटाच्या बैठकीत कौटुंबिक हिंसाचाराचा विषय निघाला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "आमच्याकडं तसलं काही नाही बाई." वीस जणी बसलेल्या असतात आणि वीसही माना हलतात. इकडं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा आकडा २५.२ टक्के आहे. लग्न झालेल्या, १८ ते ४९ वयाच्या दर चौघींत एकीनं कधी ना कधी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली. त्याआधीच्या फेरीत हा आकडा २१.३ होता. म्हणजे वीस जणींत पाच निघायला पाहिजेत.

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातल्या बचतगटांच्या ग्रामसंघांसाठी दीड तासाचं सत्र तयार करायचंय. मला दोन गोष्टी हव्यात. हा आकडा आणि बैठकीतलं उत्तर जुळत का नाही? आणि सत्रात नेमकं काय सांगितलं तर ते बाईच्या कामी येईल? ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे त्यांनी सविस्तर लिहावं. भाषणाचे मुद्दे नकोत, कामाचं सांगा.

आकडेमोड

जुळत नाही कारण प्रश्न वेगळा आहे. सर्वेक्षणात "तुमच्यावर हिंसा होते का" असं विचारतच नाहीत. एकेक कृती विचारतात: नवऱ्यानं कधी ढकललं का, अंगावर काही फेकलं का? थोबाडीत मारली का? हात पिरगाळला, केस ओढले का? बुक्की मारली किंवा लागेल अशा वस्तूनं मारलं का? लाथा घातल्या, फरफटत नेलं का? गळा आवळला, मुद्दाम भाजवलं का? चाकू किंवा दुसरं हत्यार दाखवून धमकावलं का? दरवेळी हो किंवा नाही, आणि हो असेल तर गेल्या बारा महिन्यांत किती वेळा. एका घरातल्या एकाच बाईला विचारतात, आणि तेही एकटीला. सासू चहा घेऊन आत आली की हा भाग तिथंच थांबवायचा, अशी मुलाखत घेणाऱ्यांना सूचना असते. त्याच बाईला चारचौघीत "हिंसाचार" हा शब्द वापरून विचारा, ती नाहीच म्हणणार. थोबाडीत बसलेली तिच्या हिशेबात हिंसाचार नसते, "तेवढं तर चालतंच" यात ती जमा असते.

दुसरं, त्या २५.२ मध्ये कोण नाही ते बघा. त्यात फक्त नवऱ्यानं केलेली, फक्त शारीरिक आणि लैंगिक हिंसा आहे. सासू-दीराची मारहाण नाही, उपाशी ठेवणं नाही, पगार काढून घेणं नाही, पन्नाशीपुढच्या बायका नाहीत. आणि मराठवाड्यात फार महत्त्वाचं म्हणजे अठराच्या आतल्या विवाहित मुली नाहीत. याच सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४८ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा २२ च्या आसपास. ज्या पोरींचं ऐकणारं घरात सगळ्यात कमी, त्या या मोजणीच्या बाहेर आहेत.

देशाचा आकडा २९.३. शेजारच्या कर्नाटकात चौथ्या फेरीत २०.६ होता, तो पाचव्या फेरीत ४४.४ झाला. चार-पाच वर्षांत मारणारे दुप्पट झाले असं मला वाटत नाही. किती जणी बोलल्या, हेही या आकड्यात मोजलं जातं. म्हणून २५.२ ला किमान धरा.

जाईचा_वेल

सही. आणि हेही लिहा की देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाकडं मदत मागितली. ७७ टक्के जणींनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. सख्ख्या बहिणीलाही नाही.

हायवे_बीड

मूळ दारू आहे. दारू बंद करा, नव्वद टक्के भांडणं मिटतात. उभी बाटली आडवी बाटली, म्हणजे दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं याचं गावातलं मतदान, ते कशासाठी आहे? गावातल्या बायांनी मनावर घेतलं तर दुकान बंद होतं.

आकडेमोड

हायवेदादा, नव्वद टक्के कुठून आणले? दारूचा संबंध घट्ट आहे हे मान्यच. नवरा वारंवार झिंगून येतो अशा बायकांत ७० टक्के जणींनी मारहाण सांगितली. पण नवरा थेंबही घेत नाही अशांतही २३ टक्के आहेत. ते २३ टक्के दारूबंदीनं कसे मिटणार? दारू हात सैल करते. कुणावर उगारायचा हे मात्र त्याला शुद्धीत असल्यासारखं कळतं. तोच माणूस झिंगलेला असला तरी फौजदाराला मारत नाही, मुकादमाला मारत नाही. घरी येऊन मारतो.

जाईचा_वेल

आडव्या बाटलीचं काम करा, पण नियम नीट माहीत असू द्या. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं आणि त्यात ५० टक्क्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. यानं परवान्याचं दुकान बंद होतं. हातभट्टी बंद होत नाही, तिची तक्रार उत्पादन शुल्क खात्याकडं वेगळी करावी लागते.

तिसरी_पाळी

इकडं रुग्णालयाच्या बाजूनं लिहिते. पहिला पुरावा आमच्याकडं तयार होतो आणि बहुतेक वेळा आमच्याकडंच वाया जातो.

बाई येते ती "पडले" म्हणत. सोबत सासू किंवा नवरा असतो आणि केसपेपरवर "पडल्याने लागले" असं लिहिलं जातं. वर्षभरानं कोर्टात तोच कागद तिच्या विरुद्ध वाचून दाखवतात. म्हणून सोबतच्याला "बाहेरून बँडेज घेऊन या", "नोंदणी खिडकीवर सही करून या" असं सांगून दोन मिनिटं बाजूला काढायचं आणि बाईला विचारायचं, "ताई, कुणी मारलं का? काय घेऊन मारलं?" मग ती सांगेल तेच, तिच्याच शब्दात लिहायचं: "नवऱ्याने पाईपने पाठीवर मारले असे रुग्ण सांगते." कुणी, कशानं, कुठं, कधी, चारही गोष्टी त्यात याव्यात. अशी केस वैद्यकीय-कायदेशीर म्हणून नोंदवतात, तिला नंबर पडतो. तो नंबर बाईनं लिहून घ्यावा, मागितल्यावर कागद त्या नंबरावरच सापडतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे रुग्णालयानं उपचार द्यायचेच असतात. आधी पोलिसात जाऊन या, असं सांगता येत नाही.

पडल्याच्या आणि मारल्याच्या खुणा सारख्या नसतात. पडलेल्या माणसाला लागतं तळहाताला, गुडघ्याला, हनुवटीला. मार चुकवणारी बाई हात चेहऱ्यापुढं धरते, म्हणून काळेनिळे डाग करंगळीच्या बाजूनं, मनगट ते कोपर. मनगटावर बारीक आडव्या कापल्याच्या रेषा दिसल्या तर बांगड्या फुटल्यात. हात कुणीतरी दाबून धरला होता. काठीचा वळ पाठीवर दोन समांतर लाल रेघांसारखा उठतो, मध्ये कातडी फिकी राहते. आणि ऐन मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्यांचं झंपर दिसलं तर एकदा विचारून बघावं.

फोटो काढताना पहिला चेहऱ्यासकट घ्या, म्हणजे अंग कुणाचं ते कळतं. दुसरा जवळून, डागाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत काढा, डाग तेव्हा जास्त गडद दिसतो. डागाच्या रंगावरून "हा इतक्या दिवसांचा" असं मात्र छातीठोक सांगता येत नाही. तारीख केसपेपरवरूनच सिद्ध होते.

तिसरी_पाळी

एक राहिलं, आणि ते सत्रात नक्की घ्या. गळा आवळला असेल तर ती सगळ्यात धोक्याची घंटा. गळ्यावर खूण उमटेलच असं नाही. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्याच्या पांढऱ्यात लाल ठिपके, त्या वेळी क्षणभर शुद्ध हरपणं किंवा कपड्यात लघवी होणं, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. आतली सूज आणि मानेच्या रक्तवाहिनीची इजा एक-दोन दिवसांनीसुद्धा जिवावर बेतते. आणि ज्यानं एकदा गळ्याला हात घातला त्याच्याकडून पुढं जीव जाण्याची भीती इतर मारहाणीपेक्षा कितीतरी जास्त असते. "फक्त गळा धरला, मारलं नाही" असं बाई सांगते, तेव्हा ऐकणारीनं "फक्त" हा शब्द खोडून ऐकायचा.

शिवार

वाचून अंगावर काटा आला. कागद जपून ठेवतो.

हायवे_बीड

तिसरी पाळी ताई, फार उपयोगाचं लिहिलंत. आकडेमोड, तुमचं २३ टक्क्यांचं म्हणणं पटलं, माझे नव्वद मागं घेतो.

पण एक खटकतं. सरळ कोर्ट-पोलीस का? गावात चार माणसं बसवून, सोयरे बोलावून मिटतं की. तंटामुक्ती समिती आहे, पोलीस पाटील आहे. संसार मोडण्यापेक्षा बैठक बरी.

काळा_कोट

हायवेदादा, बैठकीला माझा विरोध नाही, पण बैठकीत काय होतं ते तपशिलात बघू. एका बाजूला नवऱ्याकडचे सात-आठ पुरुष, दुसऱ्या बाजूला बाप आणि भाऊ, आणि बाई बहुतेक वेळा स्वयंपाकघरात. तिचं म्हणणं बाप सांगतो. ठराव होतो "नांदवायला नेतो", पण परत मारलं तर काय हे कुठंच लिहीत नाहीत. बैठक घ्यायचीच असेल तर बाई समोर बसलेली असावी, तिच्या बाजूनं दोन बायका असाव्यात आणि कागदावर चार ओळी असाव्यात: कोणत्या तारखेला काय मारहाण झाली ती नवऱ्यानं कबूल केली, पुन्हा होणार नाही, झाल्यास हा कागद पुरावा म्हणून वापरता येईल, खाली सह्या. असा कागद पुढं कोर्टात खरंच उपयोगी पडतो. तोंडी मिटवामिटवीनं काही हाती लागत नाही.

आणि बैठकीत मुद्रांकावर लिहून घेतात ती "सोडचिठ्ठी". पूर्वी १०० च्या कागदावर लिहायचे, २०२४ च्या ऑक्टोबरपासून किमान ५०० चा लागतो. कागद कितीचाही असो, हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न नोटरीसमोर सही करून मोडत नाही, त्याला कोर्टाचा हुकूमच लागतो. त्या कागदात हळूच एक ओळ असते, "पोटगीचा व स्त्रीधनाचा कोणताही हक्क राहिला नाही". सही करण्याआधी त्या ओळीवर बोट ठेवून वाचून घ्या.

आता कायदा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५, लागू २६ ऑक्टोबर २००६ पासून. लोकांना वाटतं केस म्हणजे नवरा जेलात. तसं नाही. जुन्या दंड संहितेचं ४९८अ, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, ते शिक्षेसाठी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. २००५ चा कायदा बाईला हवं ते मिळवून देण्यासाठी आहे. बहुतेकींचं म्हणणं एवढंच असतं की मार थांबावा, घरातून काढू नये, लेकरांना खर्चाला मिळावं. तेच यात मागता येतं: कलम १८ संरक्षण, १९ त्याच घरात राहण्याचा हक्क, २० खर्च, २१ मुलांचा ताबा, २२ नुकसानभरपाई. घटस्फोट मागावा लागत नाही, पोलिसात गुन्हा नोंदवलेला असावा लागत नाही.

यात फक्त बायको येते असंही नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा भावजय, लग्नासारख्या नात्यात सोबत राहणारी बाई, सगळ्या येतात. २०१६ पासून सासू-नणंदेविरुद्धही अर्ज चालतो, कारण सर्वोच्च न्यायालयानं "प्रौढ पुरुष" हे शब्द कायद्यातून काढले. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ती तिथं नांदली असेल तर राहण्याचा हक्क मागता येतो, हे २०२० च्या सतीशचंदर आहुजा निकालानंतर पक्कं झालंय.

ओसरी

काळा कोट, विधवांबद्दल थोडं सविस्तर लिहाल का? आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरात हाच मोठा प्रश्न आहे. तेरावं झालं की बाईला माहेरी धाडतात आणि सातबारावर दीराची नोंद होते.

काळा_कोट

ओसरीताई, मे २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं विधवेचा राहण्याचा हक्क मान्य केलाय. त्या वेळी ती प्रत्यक्ष त्या घरात राहत असलीच पाहिजे असं नाही. म्हणजे माहेरी धाडलेली बाईही अर्ज करू शकते. जमिनीचं वेगळं. हिंदू वारसा कायद्यात विधवा, मुलं आणि मयताची आई पहिल्या वर्गाचे वारस, भाऊ त्यात येतच नाही. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं. फेरफाराची नोटीस निघाली की हरकत घ्यायला १५ दिवस असतात. ते निसटू देऊ नका, आणि "हक्कसोड"वर दु:खाच्या दिवसांत अंगठा देऊ नका.

कापूसकोंडा

एवढे कायदे बाईच्या बाजूनं आहेत म्हणूनच खोट्या केसेस होतात. सासू-सासरे, लग्न झालेली नणंद, सगळ्यांची नावं घालतात. यावर कुणी बोलणार का?

आकडेमोड

बोलू की. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा २०२२ चा आकडा: नवरा किंवा नातेवाइकांकडून क्रूरता या सदराखाली देशात १,४०,०१९ गुन्हे. महिलांवरच्या एकूण ४,४५,२५६ गुन्ह्यांपैकी ३१.४ टक्के, म्हणजे सगळ्यात मोठं सदर. आता याच्या शेजारी २९.३ टक्के ठेवा. देशातल्या विवाहित बायकांच्या संख्येनं गुणलं तर आकडा कोटींत जातो. कोटींतल्या बाया सोसतात आणि लाखभर गुन्हे नोंदतात. मोठा खड्डा कुठं आहे ते दिसतंय.

काळा_कोट

कापूसकोंडा, नावं सरसकट घालतात ही तक्रार खरी आहे आणि त्यात नुकसान बाईचंच होतं. "सर्वांनी मिळून मारहाण केली" असं लिहिलं की उच्च न्यायालयात नातेवाइकांविरुद्धचा गुन्हा रद्द होतो आणि मूळ केसही पातळ होते. म्हणून तक्रारीत प्रत्येक नावासमोर एक कृती आणि एक तारीख पाहिजे. ज्या नणंदेनं काही केलं नाही तिचं नाव घालूच नये. बाकी २०१४ च्या अर्नेशकुमार निकालापासून अशा गुन्ह्यात लगोलग अटक होत नाही, आधी नोटीस देऊन बोलावतात. आणि २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीत दोघांनाही मालमत्ता-उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. खोटं बोलायला दोन्हीकडून जागा कमी झालीय.

रानमोडी

नवरा मार खातो त्याचं काय? तेही असतंच.

काळा_कोट

असतं. २००५ चा कायदा बायकांपुरता आहे. पुरुषाला दुखापतीची आणि धमकीची साधी कलमं आहेत, म्हाताऱ्या आईबापांना २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह कायदा आहे, त्याचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडं. हवं तर वेगळा धागा काढा, तिथं लिहितो.

ओसरी

ऊसतोडीचा विषय आला नाही अजून. बीड, धाराशिव, जालन्यातून दिवाळीच्या आसपास जोड्या निघतात. तिथं नवरा-बायको मिळून एक "कोयता". उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, कोयत्याची म्हणून देतात आणि ती नवऱ्याच्या हातात. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, पहाटे उठून भाकरी करायच्या, काम बाईचं निम्म्याहून जास्त आणि मुकादमाच्या वहीत नाव त्याचं एकट्याचं. ती मार सोसून गाळप संपेपर्यंत का थांबते? कारण ती निघून गेली की कोयता मोडतो, उचल अंगावर राहते आणि मुकादम बापाच्या दारात येतो. कायद्यात याला आर्थिक हिंसा म्हणतात. तिच्या श्रमाचा पैसा तिला न देणं यात येतं. माहेर शेकडो किलोमीटर लांब, कोपीला, म्हणजे तोडीवरच्या झोपडीला, दार नाही, शेजारच्या कोप्या सगळ्या नवऱ्याच्या भावकीच्या. तक्रार कुठं करायची हेच कळत नाही.

काळा_कोट

कुठंही करता येते. कलम २७: बाई कायम किंवा तात्पुरती जिथं राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. म्हणजे कारखान्याच्या गावीही आणि माहेरीही. पोलीस ठाणं "आमच्या हद्दीत नाही" म्हणालं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता गुन्ह्याची नोंद, मागा, भारतीय नागरी सुरक्षा संहितेचं कलम १७३. आणि या जोड्यांसाठी सगळ्यात कामाचं म्हणजे कलम २०(६). कोर्टानं ठरवलेला खर्च नवऱ्यानं दिला नाही तर न्यायदंडाधिकारी त्याला मजुरी देणाऱ्यालाच सांगू शकतात की त्यातला हिस्सा थेट बाईला द्या किंवा कोर्टात भरा.

या केसेस रखडतात त्या नोटिशीवर. नवरा तोडीला गेलेला, गावी कुलूप, नोटीस परत, पुढची तारीख. म्हणून अर्जातच सगळे पत्ते द्या: गावचा, कारखान्याचं नाव, मुकादमाचं गाव, नवऱ्याचे दोन्ही फोन नंबर.

संरक्षण_कक्ष

कार्यालयाच्या बाजूनं थोडं. प्रत्येक भागाला संरक्षण अधिकारी नेमलेला असतो, महिला व बालविकास विभागाचा. त्याच्याकडं जायला वकील लागत नाही, फी लागत नाही. तो कौटुंबिक घटना अहवाल भरतो, नमुना १. त्यात शारीरिक, लैंगिक, तोंडी व भावनिक, आर्थिक, हुंड्याचा छळ असे रकाने आहेत आणि प्रत्येक घटनेसमोर तारीख, वेळ, जागा, कुणी केलं हे लिहायचं असतं. बायका इथंच अडखळतात. "रोजच मारतो, तारीख कुठली सांगू?" तारीख आठवत नसेल तर सण धरा: "पोळ्याच्या आदल्या दिवशी", "धाकट्याच्या बारशानंतर", "सोयाबीन काढायच्या वेळी". पहिली घटना, सगळ्यात वाईट घटना आणि शेवटची घटना, एवढ्या तीन नीट आल्या तरी अहवाल उभा राहतो. सोबत स्त्रीधनाची यादी, वजन आणि कुणी दिलं यासकट. लग्नातल्या फोटोत दागिने दिसतात, ते फोटो जोडा.

अहवालाची एक प्रत न्यायदंडाधिकाऱ्याकडं जाते, एक त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात. कायद्याप्रमाणे पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावायचा प्रयत्न. प्रत्यक्षात महिने जातात. म्हणून मुख्य अर्जासोबतच कलम २३ चा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या आदेशाचा, अर्ज आणि नमुना ३ चं प्रतिज्ञापत्र द्या. मार आत्ता थांबायचा असेल तर हाच कागद लागतो, आणि नेमका तोच राहून जातो. आदेशाची प्रत कलम २४ प्रमाणे फुकट मिळते. ती पिशवीत नेहमी जवळ ठेवा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आहे. पोलीस आले की आधी तो कागद पुढं करायचा.

वकील हवा असेल तर तालुका विधी सेवा समिती, कोर्टाच्या आवारातच असते. बाईला उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. आणि रात्री कुठं जावं हा प्रश्न असेल तर जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर, तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं. महिलांसाठी १८१, पोलीस ११२.

शिवार

शेजारच्यानं काय करावं? ओरडा ऐकू येतो, पण मध्ये पडलं की "तुझा काय संबंध" म्हणतात.

संरक्षण_कक्ष

संबंध कायद्यानंच दिलाय. कलम ४: हिंसा होतेय किंवा होणार असं वाटलं तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो आणि खरेपणानं दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर काही कारवाई होत नाही. त्या क्षणी मात्र नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नका, राग नंतर बाईवर निघतो. दार वाजवून विरजण मागा, "वहिनी, आमच्याकडं जरा येता का, लेकरू रडायलंय" म्हणा. मार तिथं तुटतो. ओरड्याची तारीख-वेळ कॅलेंडरवर मांडून ठेवा.

जाईचा_वेल

निघायच्या तयारीचं सांगते, कारण बाई घर सोडते तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो. "मी चालले" असं भांडणात कधीच सांगू नये. आधार, रेशनकार्ड, पासबुक, लेकरांचे जन्मदाखले, चालू गोळ्यांची चिठ्ठी, केसपेपर, एक जोड कपडे. हे स्वतःच्या पेटीत ठेवू नका, पेटी आधी उचकतात. मैत्रिणीकडं किंवा गटाच्या अध्यक्षाकडं ठेवा. निघायचं तर आठवडी बाजाराच्या दिवशी, दिवसाउजेडी, तेव्हा हातातल्या पिशवीकडं कुणी बघत नाही. एसटीला बायकांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, तेवढे पैसे वेगळे बांधून ठेवा. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात थांबू नका, विळी, गॅस, उकळतं पाणी सगळं तिथंच. दाराच्या बाजूला सरका.

फोनचंही बघा. १८१ ला लावलेला कॉल यादीत दिसतो, तो पुसा. शक्यतो गटातल्या दुसरीच्या फोनवरून लावा. धमकीचे मेसेज मात्र पुसू नका, मूळ फोन जपा. कोर्टात नुसता प्रिंट चालत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

कापूसकोंडा

नावासमोर कृती आणि तारीख, हे पटलं. आमच्या भावकीत सांगण्यासारखं आहे.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. सत्राचा आराखडा असा केलाय, चुकलं असेल तर सांगा.

सुरुवातीला "हिंसाचार" शब्दच नाही. प्रत्येकीला तुरीचे दहा दाणे आणि मध्ये एक झाकलेला माठ. मी सात कृती एकेक करून वाचणार, "गावातल्या एखाद्या बाईला हे झालेलं माहीत असेल तर एक दाणा टाका." शेवटी दाणे सगळ्यांसमोर मोजायचे. मग तिसरी पाळी ताईंचं गळ्याचं, मग नमुना १ चा रिकामा कागद प्रत्येकीच्या हातात आणि एक बनवलेली घटना सगळ्यांनी मिळून भरायची. शेवटी नंबर.

आकडेमोड

माठाची कल्पना चांगली, दोन दुरुस्त्या. "माहीत असेल तर" नको. एकच घटना पंधरा जणींना माहीत असते, पंधरा दाणे पडतील आणि त्यातून काहीच मोजता येणार नाही. "तुमच्या बाबतीत" असंच विचारा, पण हो ला तूर आणि नाही ला हरभरा, म्हणजे प्रत्येकीला दरवेळी एक दाणा टाकावाच लागेल. कुणी टाकला आणि कुणी नाही हे कळणार नाही. माठाचं तोंड फडक्यानं झाका आणि हात आत घालूनच दाणा सोडायला लावा. दहा नकोत, दोन्ही सात-सात द्या. आणि एका गावातले दाणे त्या गावात मोजून दाखवू नका. वीस जणींत दोनच तुरी निघाल्या तर त्या कुणाच्या याचा तपास रात्रीपर्यंत घरोघर चालतो. चार-पाच गावांचे एकत्र करून पुढच्या बैठकीत सांगा.

तिसरी_पाळी

आणि नंबराचा कागद घरी नेऊ देऊ नका, सापडला तर मार पडेल. लसीकरणाच्या कार्डामागं किंवा गटाच्या पासबुकात मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहा, पुढं नाव "मावशी".

माळरान

पेन्सिल आणि "मावशी", दोन्ही घेतलं. तूर आणि हरभऱ्याच्या सात-सात दाण्यांच्या पुड्या आजच बांधायला घेते.